कमलमावशीचं आणि पट्टीवाल्याचं कधी पटलं नाही

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या कमलमावशीनं मला ठेवून घेतलं, म्हणून आज मी इथे बंगळूरच्या कपड्याच्या कारखान्यात सहाव्या ओळीतल्या मशीनवर बसते. काय घडलं ते पुढे सांगते, पण नाव आधी लिहून ठेवते. नाहीतर माझं असं होतं की सांगता सांगता भलतीकडेच जाते आणि मुख्य माणूस राहून जातं. सातवीनंतर शाळा सुटली, लिहायची सवय नाही. आज रविवार. एवढ्या चार ओळी लिहिताना तीनदा उठले, पाणी प्यायले, खिडकी लावली, परत उघडली.

कमलमावशीचं शिलाईचं दुकान गोरेगावात जीपथांब्यासमोर आहे. वय पन्नाशीच्या पुढे, केस घट्ट बांधलेले, गळ्यात मापाची टेप. ती टेप जेवतानाही उतरत नसे. समोरच्या माणसाचं तोंड ती नंतर बघायची, आधी खांदे. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नावही न विचारता म्हणाली, "पोरगं वाकून चालतंय. काहून गं, एवढं काय वझं घेऊन राहिलीस?" आमची मेंढरं. मेंढरांमागं चालताना दमलेलं कोकरू खांद्यावर घ्यायची सवय होती मला. ते तिला माझ्या पाठीवरून कळलं.

मी मावशीकडे शिलाई शिकायला लागले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मुदत दिली होती. संक्रांतीनंतर मेंढरं घेऊन सगळं घर बाहेर पडणार. तोवर शिलाई जमली तर पूजानं, म्हणजे मी, गोरेगावात मावशीकडे राहायचं, नाही जमली तर निमूट मेंढरांमागं चालायचं. त्याच चालण्यात माझी शाळा गेली होती. त्यामुळे त्या दिवसांत माझं मन थाऱ्यावर नसायचं. मशीनवर पाय ठेवला तरी वाटायचं, आजच काहीतरी चुकणार.

दुकानात एक जुना टीव्ही होता. दुपारी तीनला त्यावर हिंदीत बोलणारी एक परदेशी मालिका लागायची. समुद्रकाठच्या गावातला एक घड्याळ दुरुस्त करणारा भित्रा माणूस. पण मिठागरावरच्या मजुरांवर कुणी हात उगारला की हाच डोळ्यांवर भोकांची काळी पट्टी बांधून, पाठीवर काळं मखमली पांघरूण उडवत, पातळ तलवार घेऊन हजर. लोकांना सोडवायचा आणि भिंतीवरून उडी मारून गायब व्हायचा. मालिकेत त्याचं नाव मोठं लांबलचक होतं. आम्ही त्याला पट्टीवाला म्हणायचो.

तीनला दुकान भरायचं. सुभद्रामामी बांगड्यांची टोपली घेऊन उंबऱ्यावर बसायची. सेनगावचा जीपवाला मुसाभाई दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा. जीप भरलेली असली तरी पट्टीवाला सुटेपर्यंत गाडी निघत नसे. मागून प्रवासी ओरडायचे, "ओ मुसाभाई, आमचं लेकरू रडून राहिलं!" तो मान न वळवता म्हणायचा, "रुको ना भाऊ, इथं माणूस फासावर चढून राहिला."

मालिका संपली की खरा कार्यक्रम. मुसाभाई म्हणायचा, "आक्का, असा एक आदमी आपल्या गोरेगावात पाहिजे."

"काहून?" मावशी मशीन न थांबवता विचारायची. "तुझ्या जीपमदी किती माणसं कोंबलीत ते तलवारीनं मोजायला?"

सुभद्रामामीला दुसरीच शंका. "मला एक सांगा, नुसती डोळ्यावर पट्टी बांधली तर गाव वळखत न्हाई व्हय? नाक तेच, मिशा त्याच. त्या गावच्या बायांना काय मोतीबिंदू झालाय?"

"मी पाठीवरून वळखीन त्याला," मावशी म्हणायची. "डावा खांदा बोटभर खाली हाय त्याचा. घड्याळं दुरुस्त करतानी बी खाली, तलवार फिरवतानी बी खाली. माप घेतलेलं माणूस टकुरं झाकून लपत न्हाई."

तिची टीका तिथेच थांबत नसे. पट्टीवाल्याच्या अंगरख्याला बाहीखाली चौकोनी तुकडा घातलेला नाही, असा हात वर केला तर काखेत टरकन फाटायला पाहिजे, हे तिनं पहिल्याच दिवशी पकडलं होतं. पाठीवरच्या पांघरुणाला ती झूल म्हणायची. "पोळ्याच्या बैलावानी झूल घालून भिंतीवर चढतो. खिळ्याला अडकली म्हंजे कळंल."

पण तिचा मूळ राग वेगळा होता. मुसाभाई एकदा म्हणाला, "कितना दिलदार हाय बघा. मदत करतो, पण नाव सांगत न्हाई."

मावशीनं तेव्हा मशीन थांबवली. "त्येच तर मला पटत न्हाई. हा जातो उडी मारून. मागं ज्या माणसाला सोडवलं, त्यानं काय करायचं? जन्मभर चार गल्ल्यांतल्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडं बघत फिरायचं, की हा व्हता का, का तो व्हता? मदत केली तर तोंड दाखव. त्या माणसाला निदान हात जोडून मोकळं तरी होऊ दे."

मला पट्टीवाला आवडायचा.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन आलं. गाव त्या मालिकेनं इतकं भारलेलं की हेडसरांनी लहान मुलांचं पट्टीवाल्यांचं नाचगाणं बसवलं. बारा मुलं, बारा झुली. काळी मखमल हेडसर स्वतः हिंगोलीहून घेऊन आले. आणि नेमकं त्याच वेळी मावशीला भाचीच्या बाळंतपणासाठी दोन दिवस हिंगोलीला जावं लागलं. जाताना तिनं मोठी कात्री माझ्या हातात ठेवली. आजवर ती कात्री तिनं कुणाला दिली नव्हती. "झूल म्हंजे काय, दोन तुकडे, पाठीवर एक शिलाई. कर तू," म्हणाली आणि मुसाभाईच्या जीपमध्ये बसली.

मी दोन दिवस जेवण विसरले. सुती कापडाचे तुकडे कसे एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली असे मांडायचे, म्हणजे कापड वाचतं, हे मावशीनंच शिकवलं होतं. मी मखमल तशीच मांडली. हातभर कापड वाचवलं. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. दुकानात उजेड कमी, त्यात मखमल मळू नये म्हणून उलट्या बाजूनंच सगळं शिवून, इस्त्री करून, तशाच उलट्या घड्या घालून ठेवल्या.

मखमलीला लव असते. हात खाली फिरवला तर मऊ, वर फिरवला तर खरखरीत. सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे असतात, नाहीतर उन्हात एक बाजू काळी दिसते आणि दुसरी राखेच्या रंगाची. हे मला आज झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. तेव्हा माहीत नव्हतं.

मावशी परत आली आणि तासाभरातच हेडसर झुली न्यायला आले. त्याच वेळी आबाही आले होते, खांद्यावर घोंगडी टाकून बाकावर बसलेले. पोरीचं काम बघायला आणि निर्णय सांगायला. हेडसरांनी वरची झूल उचलली, दारात उन्हात धरली आणि सुलटी केली.

अर्धी काळी, अर्धी राखाडी. दुसरी उचलली. तशीच. तिसरी.

"कमलबाई, हे काय झालं? कुणी कापलं हे?"

माझ्या हातातून खडू पडला. आबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं. मेंढरं, रस्ता, आणि पुढच्या वर्षी कुठल्यातरी मेंढक्याशी लग्न. मी खडू उचलायला वाकले.

"मी," मावशी म्हणाली. टेप गळ्यातून काढून हातावर गुंडाळत होती. "माझ्याच हातून झालं, सर. डोळं आता पयल्यासारखं राहिलं न्हाई."

"अहो, पण उद्या कार्यक्रम आहे. पन्नास गणवेश तुमच्याकडे द्यायचे ठरवलेत मी. असं असेल तर कसं देऊ?"

"नका देऊ," मावशी म्हणाली. "झुली सकाळपत्तुर नीट करून देते. गणवेशाचं तुमी बघा."

हेडसर चिडून गेले. आबा मग घोंगडी झटकून उठले आणि म्हणाले, "बाई, तुमचंच डोळं गेलंत म्हंता, तर तुमाला कुणीतरी हाताखाली लागंलच की. राहू द्या मग पोरीला. आमची मेंढरं मी अन् हिची माय बघून घिऊ."

असं माझं राहणं ठरलं. माझ्या चुकीमुळे जाणार होते, तिच्या डोळ्यांच्या खोट्या दुखण्यामुळे राहिले.

आबा गेल्यावर मी रडायला लागले. मावशी म्हणाली, "रडून मखमल काळी व्हणार न्हाई. लाल फीत आण." प्रत्येक झुलीच्या मधोमध, जिथे दोन रंग भेटत होते, तिथे तिनं लाल फितीचा पट्टा मारला. मुद्दाम दोन रंगांत शिवल्यासारखं दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी मैदानात बारा पट्टीवाले उन्हात उड्या मारत होते आणि आया एकमेकींना सांगत होत्या, टीव्हीतल्यापेक्षा आपल्या पोरांची झूल भारी. मावशी गर्दीत उभी राहून फक्त मुलांचे खांदे बघत होती.

आदल्या रात्री फीत मारताना मी तिला विचारलं होतं. "मावशी, तुमी खोटं काहून बोललात?"

"खोटं कुठं बोलले? मखमल काय असती ते न सांगता तुझ्या हाती कात्री देऊन मीच गेले ना? मंग कापलं कुणी?"

त्यानंतर तीन वर्षं तिनं मला शिकवलं. चौकोनी तुकडा घालायला, खांदे वाचायला, लव ओळखायला. इथल्या कारखान्यासाठी माणसं निवडायला लोक आले तेव्हा तिनंच मला ढकलून पुढे केलं. निघताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "सरळ चाल. आता काय कोकरू न्हाई खांद्यावर."

इथे कन्नड कळत नाही. ओळीचा साहेब काही बोलला की आधी शेजारच्या मशीनकडे बघते, मग अर्थ कळतो. तरी काम जमतंय. पण मन लागत नाही, आणि त्याचं कारण मागच्या आठवड्यातला सुभद्रामामीचा फोन आहे. म्हणाली, "आता लोक गेल्यात त्या नव्या टेलरकडं. त्या मखमलीपासनं नाव पडलंय ना कमलआक्काचं, डोळ्यानं अधू म्हून. अन् बाई अजून बिनचष्म्याची सुई ओवती बघ."

सुई ओवते. सगळ्या गावाला वाटतं हिला दिसत नाही, आणि ती दारात बसून सुई ओवते. तिनं त्या दिवशीच्या 'मी' या एका शब्दाची दुरुस्ती कधीच केली नाही. केली असती तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

दोनदा फोन लावला तिला. दोन्ही वेळा सांगायचं ते सोडून जेवलात का, पाऊस आहे का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "तुझा आवाज असा काहून येऊन राहिला? पाठ सरळ ठेवतीस ना?"

फोनवर होण्यासारखं हे काम नाहीच. हेडसर या वर्षी निवृत्त होतायत. त्याआधी सुट्टी मागून मी गोरेगावला येणार आहे. दुपारी तीनला येईन, दुकानात माणसं असतील तेव्हा. हेडसरांना हात धरून घेऊन येईन, आबांनाही बोलवीन, मुसाभाईची जीप थांबवीन. आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगीन की ती मखमल मी कापली होती, या पूजानं, आणि कमलमावशीच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. मावशी चिडेल, गधडे म्हणेल. म्हणू दे. मावशी, तोवर दुकान बंद करू नका. मी येतेय.