आडवारी भरलेली टाकी

एका बुधवारी दुपारी मी गाडीत डिझेल भरलं. त्याच रात्री डिझेलवरचं उत्पादन शुल्क वाढलं. गुरुवारी सकाळी पंपावरचे दर बदलले.

माझे पती केंद्र सरकारच्या नोकरीत होते. पेट्रोल-डिझेलवरच्या शुल्काच्या अधिसूचना ज्या शाखेत तयार होत, तिथे ते काम करत. त्यांना वाढ आधी कळे, म्हणून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. गाडीत डिझेल फक्त शनिवारी सकाळी भरायचं, दर वेळी तेवढंच. दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत निम्मी कुटुंबं सरकारी नोकरीतली. कोण कुठल्या टेबलावर बसतं हे सगळ्यांना ठाऊक. आपल्या टाकीवरून कोणी अंदाज बांधू नये, एवढाच त्या नियमाचा हेतू.

घरी मात्र ते तेलाबद्दल खूप बोलत. जेवताना मी काहीतरी विचारायचे आणि ते पोळी हातात धरून सांगत बसायचे.

"ही मेथी ट्रकने आली. म्हणजे या जुडीतही थोडं डिझेल आहे."

"मग सरकार नेमका त्याच्यावरच कर का लावतं?"

"कारण लोक थांबत नाहीत. सिगारेट सोडता येते, ऑफिस कसं सोडणार? आणि खरं सांगू का, सरकारलाही हा कर सोडता येत नाही. दोघांना एकच सवय आहे."

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. अर्थशास्त्राची पुस्तकं रोज हाताखालून जात, पण मला जे काही समजलं ते या जेवणांमधून.

त्या आठवड्यात सोमवारी ते आंब्यांबद्दल बोलले. मंगळवारी मी कच्च्या तेलाच्या भावाबद्दल विचारलं, तर म्हणाले, "यंदा ऊन लवकर आलं, नाही?" ते काही सांगत नव्हते, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला तेवढं पुरेसं होतं. बुधवारी माझी अर्ध्या दिवसाची रजा होती. बँकेचं काम आटोपून येताना मी पंपावर वळले आणि टाकी फुल करून घेतली. त्यात काही चुकीचं आहे असं तेव्हा वाटलं नाही. घरासाठी थोडी काटकसर केली, असं वाटलं.

पावती डॅशबोर्डवर राहिली होती. गाडी लावताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ती पाहिली.

"काय गं, आज बुधवारीच? तुमच्याकडे तर शनिवारचं व्रत असतं."

"भरून ठेवा तुम्हीही," मी म्हटलं. हसून म्हटलं.

संध्याकाळपर्यंत आमच्या पार्किंगमधल्या बऱ्याच गाड्या पंपावर जाऊन आल्या.

गुरुवारी सकाळी हे फिरून परत येत होते, तेव्हा काकूंच्या यजमानांनी त्यांना गेटवर गाठलं. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते.

"साहेब, वाचवलंत हं. आता सोन्याचंही जरा आधी कळवा."

"मी काय कळवलं?"

"अरे यार, आपण थोडेच कोणाला सांगतोय."

ते वर आले. मी चहा ठेवला.

"डिझेल तू भरलंस?"

"हो. अहो, पण तुम्ही मला काही सांगितलंच नव्हतं."

"नव्हतं सांगितलं. कोणाकोणाशी बोललीस?"

मी सांगितलं. त्यांनी चहा पूर्ण प्यायला, बूट घातले आणि नेहमीपेक्षा लवकर ऑफिसला गेले. तिथे त्यांनी वरिष्ठांना सगळं स्वतःच लेखी कळवलं. चौकशी झाली नाही. दोन महिन्यांनी त्यांची बदली जुन्या अपिलांच्या शाखेत झाली, आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले.

ते माझ्यावर कधी रागावले नाहीत. जेवताना मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलत, पाण्याच्या टँकरबद्दल बोलत. तेलाबद्दल पुन्हा बोलले नाहीत. सुरुवातीला मी एकदोनदा विषय काढला. "पेपरात येईल की," ते म्हणाले. पुढे मी विचारणं सोडलं. माफी मागायची तर तो बुधवार पुन्हा काढावा लागणार होता, म्हणून तीही लांबत गेली.

गाडीला दहा वर्षं झाली. दिल्लीत त्यापुढे डिझेलची गाडी चालवता येत नाही, म्हणून ती भंगारात दिली. नंतरच्या हिवाळ्यात ते गेले. भेटायला आलेल्यांमध्ये त्यांच्या जुन्या शाखेतले एक गृहस्थ होते. म्हणाले, "शुल्काचं गणित साहेबांइतकं सोपं करून कोणी सांगत नसे." मी त्यांना पाणी दिलं.

आता मी मेट्रोने ये-जा करते. दर वाढल्याची बातमी आली की पूर्ण वाचते. त्यातलं निम्मं मला समजत नाही.