चाचाची हळद

ओमानमधल्या सीब शहराच्या जुन्या बाजारात एक तिथलाच म्हातारा मसाले विकतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, चाचा म्हणतो. मी इथे एका मेसमध्ये स्वयंपाकी आहे. एकदा कांदा चिरताना बोट खोल कापलं. हात पिकला तर अर्बाब, म्हणजे मालक, घरी पाठवील, या धास्तीनं मी चाचाकडे धावलो आणि हळद मागितली. आमच्या गावी जखमेत हळदच दाबतात.

मी पोत्यात बोटं घालणार, तोच त्यानं माझं मनगट धरलं. "ये पकाने का है. खून में नहीं."

"चाचा, हल्दी तो दवा है!"

"दवा है. लेकिन इस बोरी में कितने हाथ गए, कितनी धूल गई? चूल्हे पे सब खलास. तेरे खून में चूल्हा है?"

आपल्याच मालाला नावं ठेवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. स्वतःच्या पिण्याच्या पाण्यानं त्यानं माझं बोट धुतलं आणि "यल्ला!" म्हणत दवाखान्यात पिटाळलं.

बोट भरलं, नोकरी टिकली. अजूनही हळद घ्यायला गेलो की चाचा आधी म्हणतो, "हाथ दिखा." माझी शाळा सातवीतच सुटली, पण तिथे नखं दाखवायला धरायचो तसे मी दोन्ही हात पुढे धरतो.