तांदळातलं नाव

धाकट्या जावेने फोन माझ्या नाकापुढे धरला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. स्क्रीनवर तिच्या न्यू टाऊनच्या फ्लॅटची नोंद होती. मालकीची ही नवी नोंद म्हणे ब्लॉकचेनवर असते. एकदा लिहिली की कुणाला पुसता येत नाही, दुरुस्ती केली तरी जुनी ओळ तशीच राहते. त्या न पुसता येणाऱ्या जागी तिचं नाव पहिलं होतं, दिराचं दुसरं. आणि तिचं नाव तेही माहेरचं, आडनावासकट.

छान म्हणाले मी. आतून नुसता जळफळाट झाला. मोहरी करपली ती वेगळीच.

बागबाजारच्या भाड्याच्या घरात उमेदीची सगळी वर्षं काढून आम्हीही तिच्याच इमारतीत, एक मजला खाली, फ्लॅट घेतला होता. तो एकट्या नवऱ्याच्या नावावर. जन्मभर बँकेत इतरांचे कागद तपासलेल्या माणसाला बायकोचं नाव घालायचं सुचलं नाही, आणि मलाही तोवर ते खुपलं नव्हतं. त्या दिवसापासून मात्र मी त्यांना सुखाने चहा पिऊ दिला नाही. शेवटी वैतागून त्यांनी अर्धा हिस्सा माझ्या नावे करून दिला.

त्याची नोंद करायला गेलो, तर कारकून माझे कागद हातात घेऊन थबकला. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरंच. लग्नानंतर आडनाव बदलतं हे त्याला ठाऊक होतं, पण पहिलं नावही? मी हिंदीतून सांगू लागले, की आमच्यात लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या बंगालीत विचारलं, "दीदी, एर मध्ये आपनी कोनटा?"

यातली मी कोणती? मी माहेरचं नाव सांगायला गेले आणि माझी जीभच अडखळली. नवरा घाईने म्हणाला, "दोनों एक ही हैं." मग कारकुनाने दोन्ही लिहिली.

नोंद दिसू लागली त्या दिवशी मी लिफ्टचीही वाट न बघता जिना चढून वर गेले. तिच्या नोंदीत तिचं एकच नाव, माझ्या नोंदीत माझी दोन. हे तिला दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

जावेने चष्मा लावून वाचलं. "वहिनी, हे तुमचं माहेरचं नाव? किती गोड आहे." आणि तिने ते पुन्हा एकदा उच्चारलं, अगदी सहज, रोजच्या हाकेसारखं.

आई गेल्यापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं. माझी जीभ जिथे अडखळली ते नाव जावेच्या तोंडून इतकं सहज ऐकताना मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा तिच्या त्या नोंदीचासुद्धा कधी वाटला नव्हता.