चाळणीतून सुटलेलं

शहराच्या कचऱ्यापासून खत करणाऱ्या कारखान्यात तिला सगळे चाळणबाई म्हणत. ओला कचरा कुजवायचा, वाळवायचा आणि फिरत्या चाळणीतून काढायचा. त्या चाळणीच्या तोंडाशी ती एकोणीस वर्षं उभी होती. नजर अशी की ढिगातली टाचणी सुटायची नाही, आणि जीभ त्याहून तिखट. कुणी पिशवीसकट कचरा ओतला की म्हणायची, "आता पिशवीला मोड यायची वाट बघू का?"

पण पिशव्या काही थांबेनात. खतात निळे-पांढरे तुकडे निघत, गिऱ्हाइकं पोती परत आणून आदळत आणि मुकादम तिच्यावर डाफरे. बारा वर्षांपूर्वी तिला एक युक्ती सुचली. चाळणीवर उरलेलं जाडंभरडं दळायला एक यंत्र होतं. ते तिने चाळणीच्या आधी आणवलं. सगळंच आधी दळायचं, मग चाळायचं. त्या दिवसापासून खत चहाच्या भुकटीसारखं पडू लागलं. तक्रारी बंद झाल्या. चाळणीवर उरणारं प्लास्टिकही निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं गेलं कुठे, हे कुणी विचारलं नाही. सुंठीवाचून खोकला गेल्यावर विचारणार तरी कोण? मुकादमाने चारचौघांत शाबासकी दिली आणि बाई महिनाभर हवेत तरंगत होती.

दरवर्षी त्या खताची निवडक पोती तिच्या धाकट्या बहिणीच्या मळ्यात जात. पालक, मुळे, टोमॅटो. धाकटीचं घर त्या तेवढ्याशा मळ्यावर चालायचं. बहिणीची माती आपण पोसतो, याचा थोरलीला कोण अभिमान.

यंदा वाफ्यात पाणी नीट मुरेना. फावडं मारलं तर गांडूळ औषधालाही सापडेना. धाकटीने माती तपासणाऱ्या बाईंना बोलावलं, आणि थोरलीही मुद्दाम गेली. बाईंनी काचेच्या भांड्यात मिठाचं पाणी घेतलं, मूठभर माती ढवळली. माती तळाशी बसली. वर निळे-पांढरे कण तरंगत राहिले. तो निळा रंग चाळणबाईने लगेच ओळखला.

"काढता येतील ना?" तिने विचारलं.

"पिशवी असती तर वेचली असती," बाई म्हणाल्या. "पण हे फारच बारीक झालंय. गांडुळांच्या पोटात जातं, पाण्याच्या वाटा बिघडवतं. याहून बारीक कण मुळांतही शिरू शकतात. पुढे काय काय होईल, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवसापासून चाळणबाई रजा टाकून मळ्यात. मीठ घातलं तर मातीच मरेल, म्हणून साध्या पाण्याचं टोपलं, त्यात माती, आणि वर येईल ते उचलायला चहाची गाळणी. हात सोलले, कंबर धरली. आठ दिवसांत खाटेएवढा जमिनीचा तुकडा धुऊन झाला. त्यातली मूठभर माती तिने पुन्हा पाण्यात टाकून पाहिली. कण पुन्हा वर आले. तिला तिथेच बसून मोठ्याने रडावंसं वाटलं.

धाकटीने तिच्या हातातली गाळणी काढून घेतली.

"ताई, पुरे. तू का एवढं लावून घेतेस? तू थोडंच टाकलंस?"

"मीच टाकलं," ती म्हणाली. "दिसू नये म्हणून आधी दळायला मीच लावलं. आख्खं राहिलं असतं तर माझ्या हाताने वेचून काढलं असतं गं."

धाकटीने गाळणी वाफ्याच्या कडेला ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच थकलेली दिसली.

"मग वरची माती काढून टाकू," ती म्हणाली. "पलीकडच्या मळ्यातल्या वहिनींकडून चार गाड्या आणते. त्या देतील. त्यांची माती चांगली आहे."

चाळणबाईने नकारार्थी मान हलवली.

"त्यांना नको मागूस."

"का?"

"त्याही आमचंच खत घालतात. तुझे टोमॅटो दाखवून मीच त्यांना सांगितलं होतं."