वाटीतलं जहाज
टेबलावरच्या स्टीलच्या वाटीला अजून हळदीचा डाग आहे, आणि तो दिसला की वसमतचं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. मी नववीतून शाळा सोडलेली, आणि तिथं बसून गेम तपासायच्या नोकरीची व्हिडिओ मुलाखत देत होते. पडद्यावरच्या लढाईत जहाजाला डाव्या अंगाला भोक पडलं, पाणी भरलं, तरी ते लिफ्टसारखं सरळ खाली गेलं. "यात काय चुकलं?" मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं. मला दिसत होतं, पण शब्द सापडेनात. दुकानवाले दादा जेवता जेवता कुजबुजले, "काहून थांबली? बोल की!" "सांगता येईना, दादा." "मंग दाखव!" त्यांनी वाटीतलं वरण भातावर ओतलं, वाटी धुतली आणि पाण्याची बादली कॅमेऱ्यापुढं ठेवली. मी वाटी पाण्यावर सोडली आणि आत डाव्या कडेला छोटं कुलूप ठेवलं. वाटी कलली, त्याच बाजूनं पाणी आत शिरलं आणि ती पालथी होत बुडाली. मॅडम खाली बघून काहीतरी लिहू लागल्या. आता नोकरी गेली, असं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "पुन्हा करा, बाकीच्यांनाही बोलावते." ती वाटी दादांनी परत घेतलीच नाही. इथं बंगळुरात गेममधलं नवीन जहाज तपासायला आलं की मी आजही आधी बादली भरून घेते.