दीडशेचं तिकीट

गेणभाऊ कुशाबाईंच्या तमाशाचे मॅनेजर. कनात कुठल्या गावात लावायची आणि तिकीट किती ठेवायचं, हे दोन्ही ते ठरवत. खिडकीवरच्या पाटीवर तिकिटाचा दर सकाळी कधीच लिहिला जात नसे. आधी गावातून एक फेरी व्हायची. कांद्याला बाजार काय मिळाला, शेजारच्या गावात कुणाचं लग्न आहे का, उसाचं बिल झालं का, हे चहाच्या टपरीवर कळायचं. मग संध्याकाळी ते स्वतः खडूने आकडा लिहीत. उभं आयुष्य याच कामात गेलं आणि अंदाज सहसा चुकला नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र चुकत गेला. दीडशेला कनात अर्धी राहिली म्हणून त्यांनी शंभर केले. पुढच्या गावी ऐंशी. माणसं आणखीच कमी झाली. कुशाबाई सरळ म्हणाल्या, "मॅनेजर, निमगावला कनात भरली न्हाई, तर तिकिटावरचे खेळ बंद. नुसत्या जत्रांच्या सुपाऱ्या घेऊ." जत्रांच्या सुपाऱ्या त्या स्वतः नारायणगावच्या बुकिंगच्या राहुटीत बसून घेत. त्याला मॅनेजर लागत नाही, हे गेणभाऊंना कुणी सांगायची गरज नव्हती.

निमगाव सावा त्यांचं स्वतःचं गाव. दुपारी ते मळ्यातल्या घरी जेवायला आले, पण ताटावर बसून पुन्हा उठले. ओट्यावर गेले, आत आले, पुन्हा ओट्यावर गेले.

त्यांची बायको नंदाबाई म्हणाल्या, "भाकरी गार झाली. आज किती ठेवलंय?"

"पन्नास. त्याच्या खाली जाता येत न्हाई."

"पन्नास ठेवा न्हाईतर फुकट सोडा. मी तरी येईन का?"

"तू कधी आलीस?"

"पूर्वी तुमी बोलावलं न्हाई. आता बोलावलं तरी येणार न्हाई. राघूभावजींच्या गोठ्यातनं बिबट्यानं परवा शेळी नेली. खेळ सुटल्यावर उसाच्या कडंनं चालत कोण येणार? गावठाणात आता घरं किती उरलीत? सगळी मळ्यात राहायला आली."

गेणभाऊ खाली बसले. महिनाभर त्यांनी लोकांचा खिसा चाचपला होता. त्यांच्या घरी परतायच्या रस्त्याकडे पाहिलंच नव्हतं.

भाकरी तशीच ठेवून त्यांनी दादाभाऊला फोन लावला. दादाभाऊच्या तीन पिकअप गाड्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोचवत.

"भाऊ, संध्याकाळी गाड्या रिकाम्या हायेत का? माणसं आणायची, परत दारात सोडायची."

"आणतो की. क्रेटवर बसावं लागंल पावण्यांना. डिझेल मात्र तुमचं, राव."

गेणभाऊ कनातीवर गेले आणि पाटीवर दीडशे लिहिले. कुशाबाई केसांत गजरा माळत होत्या, तशाच बाहेर आल्या.

"डोकं ठिकाणावर हाय का? ऐंशीला येईनात आणि दीडशे?"

"यात घरपोच सोडायचं हाय, बाई. पन्नासात डिझेल निघत न्हाई."

"तमाशा हाय का लग्नाचं वऱ्हाड?"

"आजच्या दिवस वऱ्हाड समजा."

जीपवरचा भोंगा मळ्यामळ्यातून ओरडत गेला. दिवस कलला. गेणभाऊ खिडकीपासून रस्त्यापर्यंत जात आणि परत येत. पहिली पिकअप आली, तिच्यात चार तरुण. कुशाबाईंनी पाटीकडे पाहिलं. खडू गेणभाऊंच्या खिशात होता. हात दोनदा खिशात गेला, पण आकडा त्यांनी बदलला नाही.

दुसऱ्या गाडीचा आवाज आधी ऐकू आला, कारण आतल्या बाया मोठ्याने हसत होत्या. गाडीचा मागचा फाळका खाली पडला आणि डोक्यावरचा पदर सावरत नंदाबाई उतरल्या. मागे अख्खी वस्ती. नंदाबाईंनी दीडशे रुपये खिडकीत सरकवले.

"तुला कशाला तिकीट?" गेणभाऊ म्हणाले.

"दारात सोडणार ना? मग फाडा."

तिसऱ्या गाडीनंतर दादाभाऊ पुन्हा फेरीला गेला, मग पुन्हा. गर्दी मावेना म्हणून कुशाबाईंनी बाजूची कनात मागे सरकवायला लावली आणि ढोलकी सुरू झाली. आत शिट्ट्या पडत होत्या.

"मॅनेजर, उद्या पेठला किती लावायचं?" कुशाबाईंनी जाता जाता विचारलं.

"पेठची वस्ती कुठवर पसरलीय ते बघतो, मग सांगतो."

ते आत गेले नाहीत. तिन्ही गाड्यांचे दिवे लागतात का ते तपासलं, टाकीत डिझेल किती आहे ते विचारलं, आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. या सगळ्यांना अजून घरी पोचवायचं होतं.