खोबरेल लावलेले हात

आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजातले प्रयोगशाळेचे काका कामाला लागण्याआधी हातांना खोबरेल चोळतात, फणस फोडायला बसावं तसं. मग अ‍ॅक्रिलामाइड या विषारी रसायनाची बाटली उघडून पांढरी पावडर तोलतात. त्याआधी पंखा बंद करतात, आम्हा संशोधन करणाऱ्या मुलींना दारापाशी उभं करतात, आणि सांडलेला कण न् कण ओल्या फडक्याने टिपतात. सगळं अगदी नीट. फक्त हातमोजे नाहीत.

“काका, ती कातडीतून आत जाते. बोटं बधिर होतात,” मी एकदा म्हणाले.

“तेल हाय ना गो बाय! फणसाचा चीक धरत नाय, ही काय धरणार?”

तेल तिला अडवत नाही. बाटलीवरचा इशारा इंग्रजीत आहे, आणि बाटली उघडायचं काम इंग्रजी न येणाऱ्या माणसाकडे दिलंय. याला मी अपघात म्हणणार नाही. मोज्यांसाठी मी अर्जावर अर्ज दिले, भिंतीवर पत्रक चिकटवलं. शेवटी एक खोका आला. काकांनी तो आमच्यासाठी ठेवला. “तुमच्या हातांना अजून मेंदी लागायचीय,” ते हसून म्हणाले.

परवा त्यांनी विजेच्या शेगडीवरचं तापलेलं बीकर नुसत्या हाताने उचललं, सावकाश चालत येऊन माझ्यापुढे ठेवलं, आणि इकडेतिकडे हुंगत विचारलं, “काय करपतंय गो?”